शफलबॉटम गेले कुठे? लँकेशायरच्या एका आडनावाची गळती

इर्वेलकाठ (धागाकर्ता)

मँचेस्टरच्या उत्तरेला बेरी आहे. तिथून ए-५६ रस्त्याने वर निघालं की आधी वॉमर्सली लागतं, थोडं पुढे रॅम्सबॉटम. डाव्या हाताला खाली इर्वेल नदी, पलीकडे होल्कम टेकडीवर रॉबर्ट पीलच्या नावाचा मनोरा आणि चुन्याशिवाय रचलेल्या काळपट दगडी बांधांनी कापलेली मेंढ्यांची कुरणं. या पट्ट्यात शफलबॉटम हे आडनाव जन्माला आलं.

इथे कुणाची ओळख या आडनावाने करून दिली की पहिल्यांदा ऐकणारा ओठ दाबून हसू आवरतो. बॉटमचा आजचा अर्थ सांगायला नकोच. शफल म्हणजे पाय घासत चालणं. दोन्ही जोडून जे चित्र उभं राहतं ते तुमच्यावर सोडतो.

नावाचा मात्र यातल्या कशाशीही काडीचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'बोथम' म्हणजे दरीचा तळ, ओढ्याकाठची सखल जमीन. बसायच्या अवयवाला हा शब्द लागला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, तोवर आडनाव पाचशे वर्षांचं झालं होतं. आणि 'शफल' हे मेंढी आणि झरा या दोन शब्दांचं कडबोळं. वॉमर्सलीजवळ शिपरबॉटम नावाची वस्ती होती. तेराव्या शतकातल्या लँकेशायरच्या कोर्टाच्या नोंदींत तिथला माणूस 'शिपवेलबोथम'चा म्हणून येतो. मेंढ्यांच्या झऱ्याची दरी, बस.

मेंढ्या धुणं हा इकडे लोकर कातरण्याआधीचा रीतसर कार्यक्रम असे. ओढ्याला दगडमातीचा बांध घालून कमरेइतकं पाणी साठवायचं. दोघांनी त्यात उभं राहायचं, एकेक मेंढी उलटीसुलटी करून खंगाळायची आणि पलीकडच्या काठावर सोडून द्यायची. मग लोकर वाळून तिच्यात पुन्हा तेलकटपणा उतरेपर्यंत आठ-दहा दिवस थांबून कातरणी. धुतलेल्या लोकरीला भाव बरा मिळे. इथल्या ओढ्यांचं पाणी डोंगरावरच्या पीट मातीमुळे चहासारखं तांबूस दिसतं, त्यात मेंढी कितपत उजळायची कोण जाणे.

आता आकडे. किंग्ज कॉलेज लंडनच्या रिचर्ड वेबर यांनी १८८१ ची जनगणना आणि २००८ मधल्या नावांच्या याद्या ताडून पाहिल्या. हसू आणणाऱ्या किंवा नकोशा वाटणाऱ्या आडनावांपैकी कॉक ३,२११ होते ते ७८५ उरले. बॉल्स २,९०४ वरून १,२९९. डेथ १,१३३ वरून ६०५. डाफ्ट ५१ टक्क्यांनी घटले, गोटुबेड ४२ आणि आपले शफलबॉटम ४० टक्क्यांनी. त्याच काळात ब्रिटनची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिलं तर शफलबॉटम १८८१ च्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उरले.

प्रश्न असा, की माणसं गेली की नुसतं नाव गेलं? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. तुमचं काय म्हणणं?

---

ठसकेबाज

गोटुबेड?? 'जा, झोप जा' असं आडनाव? आणि डेथसाहेब डॉक्टर झाले तर दारावरची पाटी वाचून निम्मे पेशंट बाहेरूनच परत जायचे. (दिवे घ्या.)

खरा प्रश्न: आपला इयान बोथम याच बोथमांपैकी का?

---

वानखेडे_ऐंशी

'आपला' म्हणू नका हो, त्याने आपल्याला काय कमी रडवलंय! फेब्रुवारी १९८०, वानखेडे, बीसीसीआयच्या सुवर्णमहोत्सवाची कसोटी. पठ्ठ्याने ११४ धावा काढल्या आणि सामन्यात १३ बळी घेतले. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये एकाच कसोटीत शतक आणि दहाच्या वर बळी असं तोवर कुणीच केलं नव्हतं. पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला विश्वनाथने परत बोलावलं तो सामनाही हाच. आम्ही नॉर्थ स्टँडमध्ये बसून ते सगळं निमूटपणे गिळलं.

आणि हो, २००७ च्या दौऱ्यात झहीरच्या समोर इंग्लंडकडून जो लांब कुरळ्या केसांचा डावखुरा टाकत होता, तो रायन साइडबॉटम. त्याचे वडील आर्नी साइडबॉटम १९८५ मध्ये एक कसोटी खेळले. टीव्हीवर नाव आलं की आमची मुलं खिदळायची. दरी-बिरीचं तेव्हा ठाऊक असतं तर ओरडायला सोपं गेलं असतं.

---

इर्वेलकाठ

ठसकेबाज, हो, बोथम म्हणजे तोच दरीचा तळ. इयान बोथमचा जन्म चेशायरमधल्या हेसवॉलचा. नावांचं हे सगळं कुटुंब पेनाइन डोंगररांगेच्या दोन्ही अंगाला पसरलंय: लँकेशायर, चेशायरचा पूर्व कोपरा, पश्चिम यॉर्कशायर. साइडबॉटममधला 'साइड' म्हणजे बाजू नव्हे, जुन्या इंग्रजीत तो रुंद या अर्थाचा. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं खाली आणून ठेवायची दरी. रोबॉटम खडबडीत. हिगिनबॉटम बोल्टनजवळच्या ओकनबॉटममधून निघालं, त्यात ओक झाड आहे. रॅम्सबॉटमबद्दल दोन पक्ष: एक म्हणतो एडका, दुसरा म्हणतो जंगली लसूण. मी लसणाच्या पक्षात. एप्रिल-मेमध्ये इथल्या ओढ्याकाठी फिरून या, वासानेच पटेल.

काही साइडबॉटम घराणी स्वतःला 'सिडी-बो-टोम' म्हणवून घेत, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. धाग्याचा मुद्दा तिथेच सुरू होतो.

गोटुबेड हे केंब्रिजशायरच्या पाणथळ भागातलं नाव. खरंच आहे.

---

पिस्टनरिंग

धाग्यात रॅम्सबॉटम आले आणि माझ्या आयडीचा उद्धार झाला. 🙂 जॉन रॅम्सबॉटम, जन्म १८१४, टॉडमॉर्डनचा. आपल्या स्कूटरपासून जहाजापर्यंत ज्या चिरा असलेल्या पिस्टन रिंगा असतात, त्या या गृहस्थाने १८५२ मध्ये काढल्या. शिवाय इंजिनाच्या बॉयलरचा असा सेफ्टी व्हॉल्व्ह, की जो ड्रायव्हरला वरून आवळून ठेवता येणार नाही. त्याआधी चढ आला की जास्त दाब मिळावा म्हणून ड्रायव्हर लोक व्हॉल्व्ह दाबून बसवायचे आणि कधी कधी बॉयलरसकट उडायचे. धावत्या इंजिनाने रुळांमधल्या हौदातून पाणी उचलायची युक्तीही त्याचीच, १८६० ची.

या माणसाच्या नावाला कुणी हसल्याचं रेल्वेच्या इतिहासात मी तरी वाचलेलं नाही.

---

माउंटरोड

चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाची हजेरी लावून घ्या. माउंट रोडवरचं हिगिनबॉथम्स हे पुस्तकांचं दुकान १८४४ पासून आहे, एबल जोशुआ हिगिनबॉथम याने काढलेलं. आणि अलाहाबादला यमुनेपलीकडे नैनीला शेतकी विद्यापीठ आहे ते सॅम हिगिनबॉटमच्या नावाचं. तो मँचेस्टरचा, जन्म १८७४, मिशनरी म्हणून आला आणि शेती शिकवत बसला. म्हणजे ओकच्या दरीतली माणसं आपल्याकडे बरीच आधी पोचली होती. फक्त दोघांची स्पेलिंगं वेगळी, एकाचं 'थ' आणि एकाचं 'ट'.

---

गणिती_गोम

लाजबिज बाजूला ठेवा, आधी गणित करू.

१८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टनने हाच प्रश्न जाहीरपणे घातला होता: मोठमोठ्या घराण्यांची आडनावं का बुडतात? हेन्री विल्यम वॉटसन नावाच्या पाद्र्याने ते गणित मांडलं. आज ते गॉल्टन-वॉटसन प्रक्रिया म्हणून अणुभट्टीपासून साथरोगांपर्यंत सगळीकडे वापरतात. (त्याआधी १८४५ मध्येच बिएनेमे या फ्रेंच गणितज्ञाने ते जवळपास सोडवलं होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.)

आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जातं असं धरा. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा. सरासरी एक म्हणजे कुणाला तीन, कुणाला एकही नाही. एकाच माणसापासून निघालेलं नाव पहिल्या पिढीतच संपण्याची शक्यता ३७ टक्के. दोन पिढ्यांत ५३. पाचव्या पिढीपर्यंत ७३. सरासरी १ असेल तर उशिरा का होईना, नाव बुडणारच. सरासरी १.१५ केली, म्हणजे लोकसंख्या चांगली वाढतेय असं धरलं, तरी चारातली तीन नावं अखेर बुडतातच.

आता यात १३४८-४९ ची प्लेगची साथ घाला, जिने इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं नेली. आडनावं तेव्हा कुठे रुजत होती. एकेका शेतावरून, एकेका झऱ्यावरून पडलेली किती नावं तिथेच संपली असतील याचा हिशेब कुणाला लागायचा नाही. शफलबॉटम त्यातून वाचलं हेच नवल.

पण याच गणिताची दुसरी बाजू इर्वेलकाठांच्या बाजूने जाते. योगायोग मारतो तो तान्ह्या आडनावाला. एकदा ते नाव लावणारे, समजा, पाचशे पुरुष झाले, की चार पिढ्यांत नुसत्या नशिबाने आकडा फार तर दहा-वीस टक्के इकडेतिकडे सरकेल. देशाची लोकसंख्या दुप्पट होताना एवढं मोठं नाव ४० टक्क्यांनी खाली येतं, हे नशिबाचं काम नाही. कुणीतरी हात घातलाय.

---

बोल्टनची_वैनी

हात कुणी घातला ते मी सांगते. सासूने!

इथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात मी अधूनमधून चहापाण्याला मदत करते. तिथे एक आजी येतात, माहेरच्या शफलबॉटम. मी आडनावाचं विचारलं तर म्हणाल्या, लग्न ठरलं तेव्हा मला सगळ्यात मोठा आनंद कशाचा झाला ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना दोन भाऊ. थोरल्याचं लग्न जमलं तेव्हा मुलीच्या आईने साफ सांगितलं, माझी लेक हे नाव लावणार नाही. मग त्याने लग्नाआधी नाव बदलून शॉ करून घेतलं. धाकटा हट्टी, त्याने नाव ठेवलं, आणि त्याला तिन्ही मुली झाल्या. त्या आता आपापल्या नवऱ्यांची नावं लावतात. म्हणजे गोम यांचं गणित आणि सासूबाईंचा हट्ट, एकाच घरात दोन्ही.

नाव बदलणं इथे फारच सोपं आहे. डीड पोल म्हणतात. एक कागद, त्यावर 'मी आजपासून अमुक नाव टाकून तमुक घेतो' एवढं लिहायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या, झालं. आपल्याकडे राजपत्रात छापून यावं लागतं तसं बंधन नाही. लोक नुसतंच नवं नाव वापरायला लागले तरी इंग्लंडच्या कायद्याला पूर्वीपासून ते चालत आलंय.

आजींना म्हटलं, तुमच्या नावाचा अर्थ मेंढ्यांचा झरा आहे. त्या म्हणाल्या, शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर!

---

ठसकेबाज

वैनी, एक नंबर. यावरून आठवलं. १८६२ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये एका जोशुआ बग नावाच्या गृहस्थाने जाहिरात दिली होती, की आजपासून मला नॉरफॉक हॉवर्ड म्हणावं. बग म्हणजे तिकडे तेव्हा ढेकूणच. आणि हॉवर्ड हे नॉरफॉकच्या ड्यूकचं घराणं, देशातलं सगळ्यात वरच्या पायरीचं. पठ्ठ्याने एकदम तिथेच उडी मारली. लंडनकरांनी काय करावं? ढेकणालाच 'नॉरफॉक हॉवर्ड' म्हणायला लागले!

---

स्पष्टवक्ता

आपल्याकडे गाढवे, ढेकणे, उंदरे, लांडगे अशी आडनावं ताठ मानेने लावणारे लोक आहेत. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही. गोऱ्यांच्या मेंढ्यांचं एवढं काय कौतुक? नुसती जिलबी, बिनकामाचा धागा.

---

इर्वेलकाठ

स्पष्टवक्ते, काढा की धागा, पहिला प्रतिसाद माझा.

---

मोडीवाचक

वैनींच्या आजींनी शाळेचं नाव काढलं ते फार मोलाचं आहे. माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातं.

इंग्लंडात चर्चच्या वह्यांत जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा हुकूम १५३८ चा, थॉमस क्रॉमवेलचा. त्या वह्या मी इंटरनेटवर बऱ्याच चाळल्या आहेत. समोर उभा असलेला माणूस निरक्षर. पाद्री किंवा त्याचा कारकून विचारतो, नाव काय? तो आपल्या बोलीत सांगतो आणि कारकून कानाला लागेल तसं लिहितो. १७५४ नंतर लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरीने सही करायची असते, तिथे दोघांच्याही फुल्या दिसतात. नाव कारकुनाचं, फुली त्यांची. लिहिलेलं बरोबर की चूक हे त्यांनी कशावरून ठरवावं? त्यामुळे शिपरबॉटम, शिपोबॉटम, शूबॉटम, शफलबोथम, शफलबॉटम अशी रूपं निघत राहिली. कुणालाही डीड पोल लागला नाही.

मूळ वस्तीची ओळख मागे पडल्यावर 'शिपवेल'ला काही अर्थच उरला नाही. मग कानाने ओळखीचा शब्द शोधला आणि तो नेमका 'शफल' निघाला. नाव समजेल असं करायला गेले आणि हसं करून बसले.

१८३७ मध्ये सरकारी जन्मनोंदणी आली. १८७० चा शिक्षण कायदा, मग १८८० मध्ये शाळा सक्तीची. आता पोर रोज एकाच स्पेलिंगने हजेरी देतं, स्वतः तेच लिहायला शिकतं. नाव गोठलं. आणि जिथे गोठलं तिथेच, त्याच वर्गात, मागच्या बाकावरून खसखस सुरू झाली. वेबर यांची मोजणी १८८१ पासून सुरू होते हे लक्षात घ्या. म्हणजे ऐन या वळणावरून. त्याआधीचं बदलणं कुणाच्या मोजणीत येत नाही, कारण ते नकळत होत होतं. त्यानंतर जो बदलला तो ठरवून बदलला, आणि यादीत एक आकडा कमी झाला.

सगळ्यात स्वस्त पळवाट म्हणजे शेवटचं 'टॉम' काढून 'थम' करणं. माणूस तोच, घर तेच, यादीत मात्र आडनाव वेगळं. अशा माणसांना 'नामशेष' म्हणायचं का?

---

गणिती_गोम

मोडीवाचक, मान गये. हे खरं तर पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

---

जुना_गिरणगावकर

दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली, लढाई. पहिल्या महायुद्धात तिकडे गावातली, गिरणीतली पोरं एकत्र भरती करायची पद्धत होती, मित्रांची पलटण म्हणायचे. अ‍ॅक्रिंग्टन हे गाव रॅम्सबॉटमपासून लांब नाही. १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत अ‍ॅक्रिंग्टनची पलटण सेर गावावर चालून गेली. सातशेच्या आसपास जवान होते, त्यातले ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले, तेही अर्ध्या-पाऊण तासात. आडनाव जर चार गावांपुरतंच असेल आणि त्या चार गावांची तरणी पोरं एकाच सकाळी एकाच शेतात पडली, तर गणितातला योगायोग वेगळा आणि हा वेगळा.

दुसरी गोष्ट घरची. माझे आजोबा लालबागला गिरणीत जॉबर (मुकादम) होते. साच्यांवर, म्हणजे मागांवर, लोखंडात ओतलेली पाटी असायची, प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'ओल्डाम' हा शब्द त्यांच्या तोंडी कायम. नवीन साचा जोडायला, विणाई खात्यावर देखरेखीला लँकेशायरचे लोक मुंबईत येऊन राहायचे. ओल्डहॅम तुमच्या त्या दरीपासून हाकेच्या अंतरावर. त्यांच्यात कुणी शफलबॉटम आला असेल का, हे शोधता येईल?

---

इर्वेलकाठ

येईल, आणि वाट सरळ आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या होत्या. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगाल, मद्रास, मुंबई असे तीन वेगळे गठ्ठे, मुंबईचा 'एन/३'. त्यातलं बरंचसं ऑनलाइन शोधता येतं. फक्त गिरणीत साचे जोडायला आलेला माणूस वर्षा-दोन वर्षांत परत गेला असेल तर तो चर्चच्या वहीत सापडायचा नाही. तिथे लग्न केलं, मूल झालं किंवा शिवडीच्या दफनभूमीत पोचला, तरच.

ओल्डहॅमवरून आठवलं, इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले मॅनेजर वॉल्टर विंटरबॉटम तिथलेच. १९४६ ते १९६२ संघ सांभाळला, पुढे 'सर' झाले. त्यांनी स्पेलिंगला हात लावला नाही.

---

पेशीकेंद्र

जीवशास्त्रवाली येतेय, जरा वाट द्या.

नाव बापाकडून मुलाकडे जातं, तसंच वाय गुणसूत्रही. म्हणून एकाच आडनावाच्या पुरुषांचं वाय तपासलं की त्या सगळ्यांचा मूळपुरुष एक की अनेक, हे कळतं. २००० मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या लोकांवर हा प्रयोग केला. साइक्स हेही यॉर्कशायरकडचं, माळावरच्या ओढ्यावरून पडलेलं नाव. तपासलेल्या पुरुषांपैकी निम्म्याच्या आसपास एकाच वायचे निघाले. पुढे लेस्टर विद्यापीठात तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस आडनावं घेतली. स्मिथसारख्या नावात काहीच मेळ नाही, लोहार गावोगावी होते. पण अ‍ॅटनबरोसारख्या विरळ नावात दहातले जवळपास नऊ पुरुष एकाच मूळपुरुषाचे. (याच तुरी किंग पुढे तिसऱ्या रिचर्ड राजाच्या सांगाड्याच्या डीएनए तपासणीत होत्या.)

मोडीवाचकांच्या यादीतल्या शिपरबॉटम, शूबॉटम, शफलबोथम या सगळ्यांचं वाय जुळलं, तर तुमचा वाद निकालात निघेल. आणि वैनींच्या आजींच्या थोरल्या भावाचे नातू? आडनाव शॉ, वाय शफलबॉटमचं. ते जिवंत आहेत, हिंडताहेत, फक्त कुणाच्या यादीत नाहीत. उलट त्या धाकट्या भावाच्या तीन मुलींच्या घरात त्याचं रक्त भरपूर आहे आणि वाय मुळीच नाही. 'घराणं संपलं' असं म्हणताना आपण नेमकं काय मोजतो, हे आधी ठरवा बुवा.

---

सातारकर_पुण्यात

एक शंका. आपल्याकडेही गावावरून आडनावं पडतातच की, नावापुढे 'कर' लावून. मग आपली नावं विरळ होत नाहीत आणि त्यांची का होतात?

---

मोडीवाचक

आपल्याकडे 'कर' जोडणं अजूनही चालू असलेला कारखाना आहे. एकाच गावातून बाहेर पडलेली वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या कुळांची घरं तेच नाव लावतात. एकाच कुळातले दोन भाऊ दोन गावांना गेले तर आडनावं दोन होतात. त्यामुळे एक घर बुडालं तरी नाव बुडत नाही. लँकेशायरमध्ये गावापेक्षा लहान ठिकाणांवरून नावं पडली: एक शेत, एक ओढा, एक पठार. तिथे बहुधा एकच घर असे. आणि तिकडचा कारखाना चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत बंद झाला. शिपरबॉटमला १६०० मध्ये जाऊन राहिलेला माणूस शिपरबॉटम होत नाही, तो आपलं आडनाव सोबत घेऊन येतो.

रॅम्सबॉटम टिकायला हेही एक कारण असावं. ते गाव नकाशावर ठळक आहे, रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे निदान त्या भागात नाव ऐकून कुणी दचकत नाही. शफलबॉटमच्या मागे उभं राहायला गावच नाही.

---

इर्वेलकाठ

रॅम्सबॉटमकरांना हसण्यासाठी आडनावाची गरज नाही. तिथे दर सप्टेंबरात रक्ताचं काळं सॉसेज फेकून उंचावर रचलेली यॉर्कशायर पुडिंगं पाडायची जागतिक स्पर्धा भरते. लँकेशायर विरुद्ध यॉर्कशायर हे जुनं वैर असं स्वयंपाकघरातून निघतं.

वैनी, त्या आजींकडून एक विचारून घ्याल का, की त्यांच्या वडिलांच्या जन्माच्या दाखल्यावर स्पेलिंग काय आहे?

---

बोल्टनची_वैनी

विचारते. पण तुम्ही सगळे हे शोधता कुठे ते एकदा नीट लिहा. मला त्या आजींसमोर बसून शोधून दाखवायचंय.

---

इर्वेलकाठ

लिहितो. इंग्लंड आणि वेल्सची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. तिची सूची फ्रीबीएमडीवर फुकट पाहता येते. १८८१ च्या जनगणनेपासून सुरुवात करा, कारण स्वयंसेवकांनी तिचा मजकूर अख्खा उतरवून काढलाय आणि तीही फुकट आहे. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली, तिला पैसे पडतात. १९३१ ची शोधू नका, ती १९४२ च्या डिसेंबरात आगीत जळाली. १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. त्या खिंडारासाठी सप्टेंबर १९३९ ची नोंदवही आहे, रेशन आणि ओळखपत्रांसाठी केलेली.

शोधताना पूर्ण स्पेलिंग टाकू नका. 'श'ची दोन इंग्रजी अक्षरं, मग तारका (*), 'ब', पुन्हा तारका, शेवटी 'म' असं टाका. तारकेच्या जागी काहीही चालतं. शिपर, शिपो, शू, शफल, टॉम, थम सगळे एका जाळ्यात येतात. सोबत शूबर्टपासून शेरबोर्नपर्यंत केरकचराही येईल, तो तिथल्या तिथे जिल्ह्याच्या चाळणीने काढायचा. जिल्हा बेरी, बोल्टन, रॉचडेल आणि हॅसलिंग्डन ठेवा. आजींचे वडील जन्मले असतील ते बहुतेक या चारांतच.

---

बोल्टनची_वैनी

ठीक. बुधवारी जाणार आहे, टॅबलेट घेऊन जाते. शेवटी 'म' टाकल्यावर शूबर्ट आणि शेरबोर्न कसे येतील ते मात्र कळलं नाही.

---

गणिती_गोम

येणार नाहीत. केरकचऱ्याची दुसरी उदाहरणं द्या, इर्वेलकाठ. 😀